शेकाची पिशवी आणि सुनिल्दाचा ताप

मी एक जुनी शेकाची पिशवी आहे. रबराची, विटकरी रंगाची, गळ्याशी थोडी तडकलेली. मित्रांनो, गोष्टीला लागण्याआधी एक सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे. माझ्या जागी तुम्ही असता तर तुमचाही झाला असता. जी माणसं थंडीत मला पोटाशी धरून झोपतात, तीच उन्हाळा आला की मला दारामागे लसणाच्या जुडीशेजारी उलटी टांगतात आणि पुढची थंडी येईपर्यंत माझ्याकडे ढुंकून पाहत नाहीत. अशांवर विश्वास ठेवायचा तो किती?

माझा जन्म कारखान्यातला. साच्यातून निघताना फार गरम होतं, एवढंच आठवतं. मग खोक्यात, मग बोटीत, मग दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाच्या चिलोए बेटावरच्या एका दुकानात, मेणबत्त्या आणि गमबुटांच्या मध्ये. तिथून मला ओर्फेलिनाने उचललं. ती तेव्हा तरुण होती. शिंपले डब्यात भरायच्या कारखान्यात कामाला जायची आणि दिवसभर तिचे पाय गार पाण्यात असायचे. विकत घेण्याआधी तिने मला हुंगलं, फुंकर मारून फुगवलं, कानाशी धरून दाबलं. "गळत तर नाही ना?" असं तिने दुकानदाराला तीनदा विचारलं. म्हणजे संशय मी त्याच घरात शिकले, जन्मतः आणला नाही.

घर समुद्राच्या खाडीवर, लाकडी फळ्यांचं. त्यात दोघी बहिणी राहायच्या. थोरली ओर्फेलिना आणि धाकटी सुनिल्दा. लग्न दोघींनीही केलं नाही. ओर्फेलिना मेंढ्या, बटाटे, सरपण आणि चूल सांभाळायची. सुनिल्दा विणायची. तिचा माग जमिनीवर आडवा ठोकलेला. गुडघे टेकून, वाकून बसायचं, ताण्यातून लोकरीचा गुंडा सरकवायचा आणि लाकडी पात्याने धागा ठोकून बसवायचा. तिच्या घोंगड्या पलीकडच्या बेटांवरून माणसं होडीने येऊन न्यायची. मी घरी आले त्याच आठवड्यात तिने मला न रंगवलेल्या लोकरीचं अंगडं विणून दिलं, पुढे एक लाकडी गुंडी लावून. ते अंगात घातल्यावर मी पहिल्यांदा कुणाची तरी झाले. हे खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता.

तेव्हापासून मी पुष्कळ कामं केली. ओर्फेलिनाचे पाय शेकले, सुनिल्दाची कंबर शेकली. शेजारच्या म्हाताऱ्याच्या कानाला ठणका लागला तेव्हा मला उधार नेलं. एका पावसाळी सकाळी आई मेलेलं कोकरू चुलीजवळच्या टोपलीत ठेवलं होतं, त्याच्या पोटाशी रात्रंदिवस मी होते. ते जगलं. त्याबद्दल सगळ्यांनी ओर्फेलिनाचं कौतुक केलं. माझं नाव कुणी काढलं नाही.

घरात पिशवी एकच, बहिणी दोन. म्हणून नियम ठरला होता, जी आजारी तिची पिशवी. आता असा नियम असला की आजारपणावर कुणाचा विश्वास राहणार? एकीला शिंक आली की दुसरी डोळे बारीक करायची.

"झाली का सुरू तुझी नाटकं?" ओर्फेलिना म्हणायची.

"तुला मागच्या आठवड्यात पाय दुखले तेव्हा मी काही बोलले का?" सुनिल्दा म्हणायची.

पण ही सगळी थट्टा. खरी भानगड गेल्या थंडीत झाली.

जुलै महिना होता, म्हणजे आमच्या दक्षिणेकडे ऐन हिवाळा. उत्तरेचा वारा सुटला की आमच्याकडे पाऊस वरून पडत नाही, बाजूने येतो. चुलीवरच्या दांडीवर मोजे कधी वाळत नाहीत. अशात सुनिल्दाने खोकायला सुरुवात केली आणि अंथरूण धरलं. मागावर भाचीची घोंगडी अर्धी झालेली. यास्ना तिचं नाव, तिसऱ्या बहिणीची मुलगी, सप्टेंबरात तिचं लग्न. मावशीच्या हातची घोंगडी घेतल्याशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही, असं तिने सगळ्या गावाला सांगून ठेवलेलं. आणि मावशी पांघरुणात.

"बरं वाटू दे, मग बसते मागावर," सुनिल्दा म्हणायची.

ओर्फेलिना बिचारी पळत होती. निलगिरीची पानं उकळायची, मध घालून काढा करायची, माझ्यात नवीन पाणी भरायची. मला मात्र पहिल्याच दिवशी शंका आली. मित्रांनो, मी आजवर कितीतरी तापांच्या पोटाशी झोपले आहे. खरा ताप आलेल्या माणसाचं अंग माझ्यापेक्षा आधी पेटलेलं असतं. सुनिल्दाचं अंग नेहमीसारखं होतं. खोकलाही असा की ओर्फेलिना खोलीत आली की यायचा आणि ती गेली की जायचा. बटाट्याची भाकरी ती दोन-दोन खात होती. मी मनात म्हटलं, बाईसाहेब, तुम्ही मला फसवू शकणार नाही.

पण का? हे कळेना. आळस म्हणावा, तर ही बाई आयुष्यात कधी बसून राहिली नाही. भाचीवर रुसली म्हणावं, तर उशीखाली भाचीचा फोटो. कधी कधी ती तो काढायची, खिडकीकडे धरायची, नाकाला लावायची आणि परत ठेवून द्यायची. मला वाटलं, मुका घेते.

खरा खोकला तर स्वयंपाकघरातून ऐकू यायचा. पावसात सरपण फोडून आलेली ओर्फेलिना फडक्यात तोंड दाबून खोकायची. मी तिच्याकडे जायला हवं होतं. पण मला पाय नाहीत, आणि नियम म्हणजे नियम.

अशात शेजारची क्लोरिंदा रोज येऊ लागली. तीही विणते. चांगलं विणते, पण यास्नाने तिला विचारलं नाही, हे तिच्या जिव्हारी लागलं होतं. यायची, माते, म्हणजे आमच्याकडचा नळीने ओढायचा कडू चहा, घ्यायची आणि बोलता बोलता मागावरच्या घोंगडीवर वितीने माप घ्यायची.

"सुनिल्दाला होत नसेल तर मी पुरी करते," एक दिवस ती म्हणाली. "मुलीचं लग्न काही थांबणार नाही."

"तिला ताप आहे, हात तुटलेले नाहीत," ओर्फेलिना म्हणाली.

"इतके दिवस ताप? मोजलात का कधी?"

"हाताला लागतो की."

"हाताला काय, चुलीजवळून आलं की सगळ्यांचंच कपाळ लागतं," क्लोरिंदा म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती रुमालात गुंडाळून थर्मामीटर घेऊन आली. काचेचा, पाऱ्याचा, जुना, सेल्सिअसच्या पट्टीचा; सदतीसच्या बराच वर गेला की ताप. ताप निघाला नाही तर सुनिल्दाने मागावर बसायचं, आणि बसली नाही तर घोंगडी क्लोरिंदाच्या घरी जाणार, असं तिने मातेची नळी तोंडात धरूनच ठरवून टाकलं. ओर्फेलिनाने मुकाट थर्मामीटर हातात घेऊन पुसला. तिलाही आता शंका येऊ लागली होती, हे मला त्यावरून समजलं.

थर्मामीटर सुनिल्दाच्या काखेत देऊन दोघी चुलीपाशी गेल्या. दार लोटलं गेलं आणि सुनिल्दाने तो काखेतून काढून सरळ माझ्या अंगड्यात खुपसला. मी नुकतीच भरलेली होते. मला खूप राग आला. कोकरू वाचवणारी मी, आता मला खोट्या साक्षीला उभं केलं.

थोड्या वेळाने तिने तो बाहेर काढला. खिडकीकडे धरला. फिरवला. जवळ आणला, लांब नेला, नाकाला लावला. तिचे डोळे त्या काचेवरून नुसते घसरत होते. पाऱ्याची रेघ कुठे आहे ते तिला दिसतच नव्हतं.

तेव्हा माझ्या अंगड्याच्या आत काहीतरी गार झालं. भाचीचा फोटो नाकाला का लागायचा, ते मला समजलं. दुधाचा पेला घेताना आधी टेबलावरून बोटं का सरकायची, तेही. ती आळशी नव्हती, मित्रांनो. ती घाबरलेली होती. मागावर बसली की लाल कुठला आणि राखाडी कुठला हे चारचौघांसमोर कळलं असतं. आणि आता तिच्या हातात अशी काच होती की जिच्यावरचं आपलंच खोटं तिला वाचता येत नव्हतं.

दार उघडलं. "किती?" क्लोरिंदाने उंबऱ्यातूनच विचारलं.

"अडतीस," सुनिल्दा म्हणाली आणि थर्मामीटर पुढे केला.

ओर्फेलिनाने तो घेतला. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. तिने पट्टी वाचली, परत वाचली, मग बहिणीच्या डोळ्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बघू," म्हणत क्लोरिंदाने हात पुढे केला.

ओर्फेलिनाने थर्मामीटर जोरजोरात झटकला. पारा पार तळाला गेला. मग तिने तो क्लोरिंदाच्या हातावर ठेवला.

"अडतीस," ती म्हणाली. "बरोबर आहे."

"अगं पण एवढ्या घाईने झटकायचं कशाला?"

"आमच्या घरात झटकूनच परत करतात. तुमच्याकडे ताप तसाच ठेवून देतात का?"

क्लोरिंदाने आधी तिच्याकडे, मग सुनिल्दाकडे, मग माझ्याकडेही पाहिलं. तिचा विश्वास बसला नाही, पण पुरावा तिच्या हातात उरला नव्हता. शाल डोक्यावरून घेऊन ती पावसात निघून गेली.

ओर्फेलिना पलंगाच्या कडेवर बसली.

"बेचाळीस होता, सुनी. पट्टी तिथे संपते. एवढ्या तापात माणसाला काढा देत नाहीत, पाद्र्याला बोलावतात."

सुनिल्दाने पांघरूण तोंडावर ओढलं. आतून रडण्याचा आवाज आला.

"कधीपासून?"

"बटाटे काढले तेव्हापासून. आधी धुकं वाटलं. मग धुकं गेलंच नाही."

"मला सांगायचं नाही?"

"तुला सांगितलं असतं तर तू मला मागावर बसू दिलं नसतंस. आणि गावाला कळलं तर मला लोकर कोण देईल? विणणं गेलं तर मी काय आहे गं?"

ओर्फेलिना काहीतरी बोलणार होती, पण तिला खोकल्याची उबळ आली. हा तिचा खोकला, फडक्यात दाबलेला. सुनिल्दा उठून बसली. चाचपत तिचा हात बहिणीच्या गालावर गेला, कपाळावर गेला.

"अगं, तू तर भाजते आहेस."

"चुलीजवळून आले."

"मला शिकवू नकोस," सुनिल्दा म्हणाली. ती पलंगावरून उतरली, ओर्फेलिनाला तिच्या जागी निजवलं आणि मला तिच्या छातीवर ठेवलं. मी सांगते तुम्हाला, तो खरा ताप होता. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

पुढे दवाखान्यातल्या नर्सने सुनिल्दाचे डोळे तपासले. मोतीबिंदू, म्हणाली. शस्त्रक्रिया होईल, पण नंबर वसंत ऋतू संपल्यावर, डिसेंबरच्या अखेरीस. लग्न त्याच्या आधी. म्हणून दोघींनी रीत बदलली. मागाशेजारी बाकावर गोधड्यांत ओर्फेलिना पडून राहायची, मी तिच्या छातीवर, आणि ती वरून सांगायची, "लाल. अजून लाल. आता पांढरा." खाली सुनिल्दा गुडघ्यांवर. तिच्या बोटांना ताणा बरोबर सापडायचा, ठोका पूर्वीसारखाच बसायचा. फक्त गुंड्याचा रंग तेवढा तिला ओर्फेलिनाकडून घ्यावा लागायचा. एखाद्या दुपारी ताप चढला की ओर्फेलिनाचा डोळा लागायचा आणि मग सुनिल्दा थांबून राहायची. सगळ्याच वेळी थांबली नाही, हे नंतर कळलं.

घोंगडी संपत आली तेव्हा क्लोरिंदा पुन्हा आली. तिने घोंगडीवरून नजर फिरवली आणि मध्यावर बोट ठेवलं.

"इथे लाल हवा होता. हा राखाडी पडलाय."

मी श्वास रोखून धरला, मला श्वास नसला तरी. सुनिल्दाचा चेहरा पांढरा पडला.

"आमच्या आईची रीत आहे ती," ओर्फेलिना बाकावरून म्हणाली. "तुला नाही माहीत."

क्लोरिंदा वाकली, सुनिल्दाच्या तोंडासमोर तिने हळूच हात हलवला. सुनिल्दाची पापणी हलली नाही. क्लोरिंदाने हात मागे घेतला. आता ही गावभर जाणार, असं मला वाटलं. मी अजून तिच्यावर लक्ष ठेवून आहे, पण आजवर तरी तिने कुठे ब्र काढल्याचं ऐकलं नाही. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "छान ठोकलीय," आणि मातेही न घेता गेली.

"चुकलं ना गं?" सुनिल्दाने विचारलं.

"नाही."

"ओर्फे, खरं सांग."

"चुकलंय. एक ओळ."

सुनिल्दाची बोटं त्या ओळीवरून पुन्हा पुन्हा फिरली. रंग बोटांना लागत नाही. "उसवते," ती म्हणाली.

"अजिबात नाही. यास्नाने विचारलं तर सांगू, ही ओळ विणली त्या दिवशी मावशीला ताप होता."

"कुठल्या मावशीला?"

"सांगू की, दोघींना."

मित्रांनो, माझ्यात उकळतं पाणी ओतू नका, रबर तडकतं. झाकण लावण्याआधी आतली हवा दाबून काढा, आणि थंडी सरली की मला उलटी टांगून कोरडी करा. एवढं केलंत तरी माझी तक्रार नाही. आणि घरात कुणी सारखं सारखं आजारी पडू लागलं, तर माझ्यासारखा संशय जरूर घ्या. फक्त संशय घेऊन दारातूनच परत फिरू नका. पलंगाच्या कडेवर बसा, आणि विचारा.