कानाला पटलेलं जनरेटर

बायको भामाबाई गेल्याचं कळलं त्या दिवशी शहादेवची सासू त्याच्याशी पहिल्यांदा थेट बोलली.

भामाबाई सकाळच्या जीपनं चौसाळ्याहून केजला गेली होती, जनरेटर बघायला. शहादेव गोठ्यात म्हशीपुढं वैरण टाकत होता. घरातून हाक आली, "जावईबापू! अवो जावईबापू!" त्याला वाटलं, शेजारच्या विमलबाई आल्या असतील. कारण जानकीबाई, म्हणजे भामाबाईची आई, जुन्या वळणाची बाई. जावयापुढं डोईवरचा पदर ढळू द्यायची नाही आणि जावयाशी तोंडानं बोलायची नाही. तो आत धावला. जानकीबाई खाटेवर बसली होती. नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि हात लांब करून फोन त्याच्याकडं धरलेला.

"मशीनचा आवाज चालू व्हता," ती म्हणाली. "मग फोनच बंद झाला. आता परत वाजला, तर कोण बाप्या बोलतोय. तुमी घ्या."

फोनवर केजचा दुकानदार बद्रीनाथ होता. बाई खुर्चीत बसल्या, पाणी मागितलं, आणि पाणी आणेपर्यंत त्यांनी मान टाकली, असं त्यानं सांगितलं. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, आता काही राहिलं नाही. "दादा, तुमी या," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "तुमी या."

त्यानंतर जानकीबाई पुन्हा गप्प झाली.

या घरात सासू-जावयाचं बोलणं आजवर भामाबाईच्या तोंडून चालत आलं होतं. तिघंही एकाच खोलीत बसलेले असत. जानकीबाई लेकीला म्हणायची, "पावण्यांनी चहा घेतला का?" आणि भामाबाई नवऱ्याकडं वळून सांगायची, "आई म्हणती, चहा पिऊन पिऊन काळं पडलाव, आता बास करा." आई असं म्हणाली नाही हे शहादेवनं स्वतःच्या कानांनी ऐकलेलं असायचं. मग तो म्हणायचा, "त्यांना सांग, मी जन्मालाच असा आलो." भामाबाई तेही आईला भलतंच करून सांगायची, आणि म्हातारी पदराआड हसायची.

जानकीबाईची फुप्फुसं अधू झाल्यापासून भामाबाईनं तिला चकलांब्याहून इकडं आणलं होतं. चकलांब्याला तिचा मुलगा तानाजी होता, चांगला होता, पण तो शेतात वस्तीवर राहायचा आणि तिथं लाईट कमी वेळ असायची आणि जास्त वेळ नसायची. ऑक्सिजनचं मशीन लाईटीवर चालतं. चौसाळ्याला तेवढं बरं होतं. लाईट गेली तर इन्व्हर्टर होता. पण उन्हाळ्यात गावाला लाईट देणारी डीपी जळाली आणि दुसरी यायला दिवस लागले. इन्व्हर्टरची बॅटरी बसली. एक लहान सिलेंडर होतं, तेही संपत आलं, तेव्हा भामाबाईनं ओळखीच्या टेम्पोवाल्याला उठवून आईला मशीनसकट बीडला मावसबहिणीकडं नेलं आणि लाईट आल्यावरच परत आणलं. परत आल्या आल्या ती म्हणाली, "आता घरातच लाईट तयार करणारं काहीतरी पाहिजे." तेव्हापासून ती जनरेटर बघत होती. आधी बीडला, मग केजला.

तेराव्यानंतर शहादेवची लेक वनिता आपल्या घरी परत गेली. मग विमलबाई निरोप घेऊन आल्या. शहादेव ओट्यावर होता, जानकीबाई आत, मध्ये फक्त दार.

"जानकीबाई म्हणत्यात, तानाजीला फोन लावा. न्यायला ये म्हणावं."

"कावून?"

विमलबाई आत गेल्या, बाहेर आल्या. "म्हणत्यात, लेक हुती तवर ठीक हुतं. आता जावयाच्या घरात कुठल्या नात्यानं ऱ्हायाचं?"

तानाजीच्या वस्तीवर म्हातारी किती दिवस श्वास घेईल हे त्याला माहीत होतं, तानाजीलाही माहीत होतं, आणि जानकीबाईला तर सगळ्यांत जास्त माहीत होतं. आपल्यासाठी लेक केजला गेली आणि परत आली नाही, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं. ती तोंडानं तसं म्हणाली नव्हती. पण जेवण अर्धं सोडत होती.

"त्यांना म्हणावं, चार दिवस थांबा," शहादेव म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी केजची जीप धरली. जनरेटर घरात आलं तर तिला थांबवायला तोंड तरी राहील, एवढंच त्याच्या मनात होतं.

बद्रीनाथचं दुकान बाजाराच्या रस्त्याला होतं. पुढं फवारणीचे पंप, मागं जनरेटर ओळीनं मांडलेले. त्या दिवशी दवाखान्यात दोघांची गाठ पडली नव्हती, आणि शहादेवनं आपण कोण ते सांगितलं नाही. एक जनरेटर दाखवा म्हणाला.

"घरासाठी? लोड काय काय हाय?" बद्रीनाथनं विचारलं.

शहादेवनं आठवून सांगितलं, "एक लोड. अन् दोन तक्के. म्हातारीच्या पाठीला."

दुकानातला एक गिऱ्हाईक हसला. बद्रीनाथ हसला नाही. तो काउंटरच्या बाहेर आला आणि शहादेवच्या तोंडाकडं बघत राहिला.

"चौसाळ्याचे का तुमी?"

"व्हय."

"बसा दादा." त्यानं स्टूल दिलं. दुकानात एक खुर्ची होती, ती दिली नाही. "बाईंनीबी हेच सांगितलं हुतं मला. पण त्या चेष्टेत म्हणल्या. मी इचारलं लोड काय, तर म्हणल्या, एक लोड, दोन तक्के अन् एक नवरा, चौघं बी आईच्या मशीनला टेकलेले हायत. मग म्हणल्या, मजा सोडा, आईचं मशीन, एक पंखा, दोन बल्ब अन् फोनची पिन. याच्या वर मला काही चालवायचं न्हाई, उगं मोठं गळ्यात मारू नका."

शहादेवला हसू आलं आणि ते बराच वेळ गेलं नाही. बद्रीनाथनं त्याला तसंच बसू दिलं.

मग त्यानं सगळं सांगितलं. भामाबाई तीनदा आली होती. पहिल्यांदा आली ती न कळवता, शटर उघडायच्या वेळेला. आल्या आल्या तिनं जनरेटरवर तळहात ठेवला, इंजिन गार आहे का बघितलं, आणि म्हणाली, आता चालू करा. बद्रीनाथनं विचारलं, एवढ्या सकाळी कशाला, दुपारी निवांत दाखवलं असतं. ती म्हणाली, "दुपारपर्यंत तुमी चार येळा चालू करून ठेवताव. गरम मशीन कुणाचंबी चालू हुतं."

शहादेवनं मान हलवली. म्हैस घेताना ती असंच करायची. नेकनूरच्या बाजारात विकणारा धार काढून दाखवायचा, लोक दूध बघून भुलायचे. भामाबाई मालकाच्या गावी जायची, सकाळची धार बघायची, संध्याकाळची बघायची, आणि मध्ये म्हैस काय खाते ते बघत गोठ्यात बसून राहायची. "खाती किती, देती किती, लाथ मारती का," एवढे तीनच प्रश्न ती विचारायची. तिनं घेतलेल्या म्हशीला कधी कुणी नाव ठेवलं नव्हतं. शहादेवनं स्वतः एकदा घेतलेली म्हैस भामाबाईनंच परत विकली होती, आणि त्यावर घरात पुन्हा चकार शब्द काढला नव्हता.

"लाथ कशी बघितली?" त्यानं विचारलं.

बद्रीनाथला प्रश्न लगेच समजला. "माझा फ्रीज हाय ना, थंड पाण्याचा. तो जनरेटरला लावायला लावला. बल्बबी लावला. म्हणल्या, फ्रीज चालू हुताना बल्ब मिचकला तर हे लाथ मारतंय. आईचं मशीन नाजूक हाय, त्याला धक्का सोसायचा न्हाई. दोन मशीन तिथंच बाजूला काढली त्यांनी." तो ओळीकडं बघत म्हणाला, "मी इतकी मशीन इकली. फ्रीज लावून बघणारं गिऱ्हाईक एकच. आता मीच समद्यांना फ्रीज लावून दाखवतो."

दोरी ओढून चालू होणारं तिनं हातात घेतलंच नव्हतं. "ते गोठ्यात असले, मी रानात असले, तर दोरी कोण ओढणार, आई?" असं ती म्हणाली होती. टीव्हीसारखा रिमोट असणारं पाहिजे होतं, खाटेवरून दाबलं की अंगणात चालू होईल असं. तशी तीन उरली. धूर असतो म्हणून घरात ठेवायचं नाही, अंगणात लांब ठेवायचं, हेही तिनं स्वतःच विचारून घेतलं होतं. आता प्रश्न फक्त आवाजाचा. खाट मागच्या खिडकीशी. म्हातारीला झोप कमी.

"म्हणून फोन लावला घरी," बद्रीनाथ म्हणाला. "एकेक मशीन चालू केलं, फोन मशीनजवळ धरला. आईला इचारत हुत्या, हे का ते. तिन्ही झाली. मग हसल्या अन् मला म्हणल्या, झालं, आईच्या कानाला पटलं एक. मी म्हणलं, कोणतं? त्या म्हणल्या, सांगते, जरा पाणी द्या."

त्यानं उरलेल्या तीन मशीनवरून हात फिरवला.

"कोणतं ते मला ठाव न्हाई, दादा. कोणतंबी न्या. तिन्ही चांगली हायत."

शहादेव उठून तिन्ही मशीनच्या भोवती फिरला. एक लाल, एक निळं, एक करड्या रंगाचं. त्याला तिन्ही सारखीच दिसली. कोणतंही नेता आलं असतं. पण भामाबाईनं एक ठरवलं होतं, आणि ते जगात एकाच माणसाला माहीत होतं. त्यानं फोन काढला.

फोन विमलबाईंनी उचलला.

"मामींच्या कानाला लावा," शहादेव म्हणाला.

"अवो, त्या कशाला बोलतील तुमच्याशी?"

"बोलू नका म्हणावं. नुसतं ऐका म्हणावं."

थोड्या वेळानं फोनमधून ऑक्सिजनच्या मशीनचा सूंसूं आवाज यायला लागला. म्हणजे फोन खाटेजवळ पोचला होता. शहादेव म्हणाला, "मामी, मी शहादेव. केजहून बोलतोय. ऐका."

बद्रीनाथनं लाल चालू केलं. शहादेवनं फोन पुढं धरला, मग कानाला लावला. पलीकडं काही नाही. निळं चालू केलं. काही नाही. करडं चालू केलं. बराच वेळ काही नाही. बद्रीनाथनं ते बंद केलं.

"मदलं," फोनमधून आवाज आला.

"निळं? दुसऱ्यांदा लावलं ते?"

"रंग काय दिसतोय मला?" जानकीबाई म्हणाली. "मदलं. भामी म्हणली, आई, बाकीची भांडत्यात. हे रवंथ करतंय."

शहादेवनं निळ्या मशीनवर हात ठेवला. ते अजून गरम होतं.

"पण कशाला घेताव?" जानकीबाई पुढं म्हणाली. तिला मधे दम घ्यावा लागत होता. "मी चालले चकलांब्याला."

"मामी, हे अंगणात ऱ्हाईल अन् रिमोट तुमच्या उशाला. मी गोठ्यात असलो, रानात असलो, तरी तुमचं तुमाला चालू करता येईल. भामीनं तुमच्या हाताचा इचार करून बघितलंय हे. तानाजीकडं हे न्हाई."

"मग मशीन नेऊ की तिकडं."

एवढं त्याला अपेक्षित नव्हतं. म्हातारी लेकीची आईच होती. तो दुकानाच्या दाराशी गेला. रस्त्यावर एसटी थांबली होती, हॉर्न वाजत होता.

"मशीन न्या," तो म्हणाला. "पण तुमी गेल्यावर मला घरात बोलायला कुणी न्हाई."

"आता तरी कुठं बोलतो आपण?"

"आता काय करतोय मग?"

पलीकडून विमलबाईंचं हसणं ऐकू आलं, आणि पाठोपाठ जानकीबाईचा खोकला. तो खोकला नव्हता, हसूच होतं. पण श्वासात अडकलेलं.

"उपाशी येऊ नका," जानकीबाई म्हणाली. "तिथंच काहीतरी खाऊन घ्या."

बद्रीनाथनं मशीन जीपच्या टपावर बांधून दिलं. बांधायच्या आधी, कुणी सांगितलं नव्हतं तरी, फ्रीज आणि बल्ब लावून दाखवला. बल्ब मिचकला नाही.

घरी आल्यावर शहादेवनं मशीन मागच्या अंगणात, भिंतीपासून लांब ठेवलं. गावातला वायरमन सिदू येऊन वायर ओढून गेला. जानकीबाईला रिमोट दिला तेव्हा तिनं पदर सावरला आणि रिमोट विमलबाईंच्या हातून घेतला, शहादेवच्या नाही. एवढं एकदम होणार नव्हतं. पण तानाजीला बोलवायचं ती पुन्हा म्हणाली नाही. शहादेवनंच त्याला कळवलं, की मामी इथंच राहणार आहेत, आईला भेटायला तू येत जा.

दोन दिवसांनी दुपारी लाईट गेली. शहादेव गोठ्यात होता. तो उठला, पण त्याच्या आधी अंगणात मशीन चालू झालं. भामाबाई बरोबर बोलली होती. खाऊन उठलेली म्हैस सावलीत बसून तोंड हलवते तसाच तो आवाज होता. बायकोनं मरायच्या आधी एवढं शेवटचं काम पुरं करून ठेवलं होतं, आणि ते किती नीट केलं होतं हे बघत शहादेव हातातली पेंडी तशीच धरून उभा राहिला.

"जावईबापू," खिडकीतून हाक आली. "चालू झालं."

"ऐकलं, मामी."

जनरेटरवर पत्र्याचं छप्पर घालायचं अजून राहिलं आहे.