दहापर्यंत ऊन, मग बाबा

मित्रांनो, मी एक खुर्ची आहे. जुनी म्हणावी तर माझं वय अजून शाळेत घालण्याइतकंही नाही. नवी म्हणावी तर माझ्यावर जे गुदरलं ते ऐकून तुम्हीच म्हणाल, बाई, तू तर पार मुरलेली आहेस. हैदराबादला कुकटपल्लीत एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मी राहते. बाल्कनीच्या दाराशी माझी जागा आहे, आणि ती मी कुणालाही देणार नाही.

मी चेरीच्या लाकडाची आहे. चेरी म्हटलं की तुम्हाला केकवरची लालभडक गोळी आठवेल. ती बरेचदा रंगात बुडवलेलं करवंद असते, उगीच फसू नका. खरं चेरीचं झाड थंड मुलखात वाढतं. माझ्या फळ्या जहाजातून आल्या आणि कुकटपल्लीच्याच एका फर्निचरच्या कारखान्यात उतरल्या. तिथं कुणा बंगलेवाल्याचं कपाट झालं, उरलेले तुकडे कोपऱ्यात पडून राहिले. त्यातलेच तुकडे मालकांना विचारून दीपमालेनं उचलले.

दीपमाला त्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर दुसऱ्यांच्या वस्तू करायची, पण हे तिचं स्वतःचं पहिलं काम. तिचे वडील दौलतराव वीज खात्यातून निवृत्त झालेले, मूळ नांदेडकडचे. गुडघे पार कामातून गेलेले, आणि तरी माणूस जेवायला, पेपर वाचायला जमिनीवरच बसायचा. उठताना भिंत धरायची, कण्हायचं. ते कण्हणं ऐकून ऐकून दीपमालेनं ठरवलं की बाबांना खुर्ची करून द्यायची. उंच बैठकीची, रुंद हातांची, उठताना जोर देता येईल अशी.

मी घडले तेव्हा माझा रंग अगदी फिकट होता, गुलाबीकडे झुकणारा. पॉलिश खात्यातले हणमंतराव मला बघून म्हणाले की पोरी, हे कच्चं दिसतंय, गडद अक्रोडी रंग मारून टाक, लोकांना तसंच आवडतं. दीपमालेनं हट्ट न करता एका तुकड्यावर तो रंग लावून बघितला. चेरी रंग सारखा पीत नाही हो. इथं घटाघट पिते, तिथं तोंडही लावत नाही. तुकडा सगळा चट्ट्याचट्ट्यांचा झाला, शिळ्या भाकरीला बुरशी यावी तसा. दुसऱ्या तुकड्यावर चकचकीत पॉलिश मारलं, तर तो बाटलीसारखा चमकायला लागला. तिसऱ्यावर नुसतं जवसाचं उकळलेलं तेल चोळलं आणि लाकडाच्या रेघा अशा उजळल्या की हणमंतरावच म्हणाले, राहू दे बाई, हेच बरं.

मग माझं न्हाणं सुरू झालं. बारीक पॉलिश पेपरनं रेघेच्या दिशेनं घासायचं, फडक्यानं तेल लावायचं, मुरू द्यायचं, उरलेलं पुसून काढायचं, आणि नीट वाळेपर्यंत हात लावायचा नाही. दीपमाला तेलाची फडकी दोरीवर पसरून वाळत घालायची. बोळे करून फेकली तर ती आपोआप पेटतात, हे लक्षात ठेवा. शेवटी लाखेचा पातळ हात आणि वर मेण. हणमंतरावांनी विचारलं, रंग मात्र कधी द्यायचा? ती म्हणाली, हिचा रंग हीच आणील, उजेडात ठेवलं की झालं.

किती खूश होते मी त्या दिवशी!

घरी आले तर दौलतरावांनी माझ्यावरून हात फिरवला. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. बसले मात्र नाहीत. दीपमालेनं बळंच बसवलं तर काठावर टेकले, दुसऱ्याच्या घरी आल्यासारखे. पुढच्याच आठवड्यात तिला बंगळुरूला नोकरी लागली आणि ती गेली. ती गेली त्याच दिवशी हा माणूस सुलतान बाजारला जाऊन जाड निळं कापड घेऊन आला. माझ्या पाठीला आणि बैठकीला मापाचा अभ्रा शिवून घेतला. नवी आहे, खराब होईल, हे एकच पालुपद.

मित्रांनो, तुमच्याही घरी असेल ना टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, नव्या सोफ्यावर चादर, चादरीवर आणखी एक चादर? तसंच माझं झालं. पाहुणे आले की दौलतराव आधीच सांगायचे, तिच्यावर नक्को बसू, इकडं बसा. स्वतः माझ्या पायाशी जमिनीवर बसून जेवायचे आणि उठताना भिंत धरायचे. माझे एवढे भक्कम हात शेजारी मोकळे, आणि हा बाबा भिंत धरतोय! मला तर रडू यायचं. विठाबाई, त्यांची बायको, पोळ्या लाटता लाटता बोलायची, "गुडघे चाललेत तुमचे, अन् खुर्ची बसलीय झाकून. कुणासाठी ठिवलीय?" ते नुसते हसायचे.

दीपमालेचा संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला की गंमत असायची. ती विचारायची, खुर्चीत बसता ना बाबा? की लगेच अभ्रा ओढून काढायचा, ऐटीत बसायचं, फोन समोर धरायचा, "हौ, बसलोय बघ." फोन ठेवला की अभ्रा परत माझ्या डोक्यावरून. ट्यूबलाइटच्या उजेडात तिलाही काही कळलं नाही, आणि त्यांनाही नाही.

कळलं ते बुद्धपौर्णिमेला दीपमाला घरी येणार म्हणून साफसफाई निघाली तेव्हा. दौलतरावांनी मला भर दुपारच्या उजेडात बाल्कनीच्या दारात ओढलं, अभ्रा काढला आणि जागीच थबकले. माझे हात आणि पाय उघडे राहिलेले, ते उजेड खाऊन काकवीसारखे तांबूस झालेले. पाठ आणि बैठक मात्र तशीच, पहिल्या दिवसासारखी फिकट. शेतात राबणाऱ्या माणसानं बनियन काढावी तशी मी दिसत होते. लाजेनं मी आणखी फिकट झाले असते, पण ते काही आमच्या हातात नसतं.

दौलतरावांनी ओल्या फडक्यानं पुसलं, साबणानं पुसलं. रंग हलेना. त्यांचा चेहरा उतरला. लेकीच्या हातचं पहिलं काम आपण नासवलं, हे त्यांच्या मनानं घेतलं. शिवाय ती बघताक्षणी ओळखणार की बाबा कधी बसलेच नाहीत. तिची गाडी सकाळी यायची होती. ते तडक बस धरून अफझलगंजला गेले आणि गडद रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आले.

मित्रांनो, तेव्हा माझी घाबरगुंडी उडाली. ओरडून सांगावं वाटलं, अहो, नका! पण खुर्चीला कुठलं तोंड? सकाळी उजाडताच त्यांनी डबा उघडला. नशीब माझं की माणूस आयुष्यभर वीज खात्यात राहिलेला, आधी तपासल्याशिवाय बटण दाबणार नाही. त्यांनी मला आडवं केलं आणि बैठकीच्या खाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, ब्रश फिरवला. तेच चट्टे. इथं काळं, तिथं कोरं. ब्रश त्यांच्या हातातच राहिला. मला उभं करून ते तसेच जमिनीवर बसून राहिले.

थोड्या वेळानं उठायला गेले तर गुडघे अडकले. भिंत लांब होती. इकडंतिकडं बघितलं आणि मग त्यांनी माझा हात धरला. सगळा भार माझ्यावर टाकून उठले. मी जराही हलले नाही. याच्यासाठीच तर घडवलं होतं मला.

तेवढ्यात दार वाजलं. विठाबाईनं उघडलं, दीपमाला बॅग घेऊन दारात. तिनं दुरंगी झालेल्या मला बघितलं, डबा बघितला, बाबांच्या हाताला लागलेला रंग बघितला. तिचा आवाज अगदी बारीक झाला.

"बसलाच नाहीत ना बाबा? आवडली नव्हती का?"

दौलतरावांनी रंगाचा हात फडक्याला पुसला. मग म्हणाले, "माझा बाप जन्मभर लोकांच्या ओसरीखाली उभा राहून बोलला. बस, असं कुणी म्हटलं नाही त्याला. अन् माझ्या लेकीनं माझ्यासाठी खुर्ची केली. ती मी बसून झिजवू?"

दीपमालेनं बॅग खाली ठेवली. डोळे पुसले. "झिजवायलाच केलीय, बाबा," ती म्हणाली. "बसा."

ते बसले. मागं टेकून, पाय सैल सोडून, खरे बसले. विठाबाई पदरानं उगाचच भांडी पुसत राहिली.

माझ्या अंगाचं काही नासलेलं नव्हतं. दीपमालेनं बाबांना समजावलं की चेरी उजेडानं रंगते, झाकली की थांबते, उघडली की पुन्हा चालू लागते. तिनं तो निळा अभ्रा टराटरा फाडला, त्याच्या पट्ट्या माझ्या तांबूस हातापायांना गुंडाळल्या आणि फिकट पाठ आणि बैठक उन्हाकडे केली. मे महिन्याचं ऊन, दिवसभर ठेवलं तर लाकूड तडकेल, म्हणून सकाळचं कोवळंच. शिवाय बाबा बसले की पाठीवर सावली. मग घरात नियमच झाला, दहापर्यंत ऊन, मग बाबा. दौलतराव दहा वाजायच्या आधीच पेपर घेऊन शेजारी उभे असायचे.

हळूहळू माझी पाठ हातापायांच्या रंगाला आली. पट्ट्या निघाल्या. पुढच्या खेपेला बैठकीखालचे चट्टे घासून काढायला दीपमालेनं पॉलिश पेपर आणला होता, पण जरा वेळ बघून तिनं तो परत पिशवीत ठेवला. तो बाबांचा हात आहे, राहू दे म्हणाली.

आता माझ्या हातांवरचं मेण दौलतरावांच्या तळव्यांनी झिजत चाललंय. वर्षातून एकदा दीपमाला येते, फडक्यानं तेल लावते, पुसते, आणि मी पुन्हा तरतरीत होते. एवढीच माझी देखभाल. मित्रांनो, तुमच्या घरातल्या वस्तूंनाही एवढंच करा. पुसा, तेलपाणी बघा, आणि वापरा. झाकून ठेवलेल्या वस्तूचं वय वाढतं, पण ती मोठी होत नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. परवा गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन तीन मजले चढून आला. घामाघूम. सिलिंडर ठेवून दारातच उभा राहिला, कागदावर सही घ्यायला. दौलतराव माझा हात धरून उठले, बाजूला झाले.

"उभा का? बस इथं," ते म्हणाले. "पाणी आणतो."

तो बिचकला, काठावर टेकला. मग मागं टेकून बसला.