आईच्या जेवणाची वेळ

‘बाबा, आई दुपारी किती वाजता जेवते तेवढं नक्की कळवा.’

इंद्रजीतच्या पत्रातली ही ओळ. पत्र २००३ च्या जूनमध्ये आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. एरवी माझ्याकडे पत्रं पडून राहत नाहीत. एकोणतीस वर्षं मी शहापूरच्या एका हायस्कुलात ग्रंथालय सांभाळलं. सूचीपत्र आलं तरी पोच पाठवायचो. हे एकच राहिलं.

पत्र आलं तेव्हा सापगावच्या आमच्या घराच्या ओटीवर मी, बायको गोजा आणि शेजारचा जयराम असे तिघं होतो. गोजा सुपात तांदूळ निवडत होती. जयरामच्या घरी फोन होता. इंद्रजीत दर रविवारी अमेरिकेहून तिथे फोन करायचा; पण फोनवर मला ‘हो’ आणि ‘बरं’ याच्यापुढे काही सुचत नाही. म्हणून महत्त्वाचं असलं की तो लिहायचा. मी मोठ्याने वाचलं.

डिसेंबरात तुम्ही दोघं याल तेव्हा चार दिवस आपण एका मोठ्या उद्यानात जायचं, असं त्याने लिहिलं होतं. तिथे पाळणे, झुकझुक गाड्या, मिरवणुका. आत खायची हॉटेलं पुष्कळ, पण आधी जागा धरली नाही तर दोन-दोन तास ताटकळावं लागतं. नव्वद दिवस आधी फोन लावून कोणत्या दिवशी किती वाजता जेवणार ते सांगायचं. सप्टेंबर उजाडला की मी लावणार. मेघा म्हणते, मिळेल ती वेळ घेऊ. पण तुमची भुकेची वेळ मला चुकवायची नाही. तुमची मला पाठ आहे, साडेबारा. आईची आठवत नाही. पुष्कळ आठवून पाहिलं बाबा, ती जेवताना डोळ्यांसमोर येतच नाही.

खाली त्याने पट्टीने चौकट आखली होती. आडवे चार दिवस, उभी पाच नावं. तो, मेघा, त्यांची मुलगी संघरत्ना, मी, आणि शेवटी आई.

गोजा हसायला लागली. “सहा महिन्यांनी मला कवा भूक लागंल त्ये आता सांगू? भूक काय एस्टी हाय, टायमावर यायला?”

“मुरबाडची एस्टी तरी कुठं टायमावर येते, वैनी,” जयराम म्हणाला. “पन जागा धराच. नायतर तिकडं जाऊन पन पंगत उठायची वाट बघत बसाल.”

पत्रात पुढे होतं की त्यातल्या एका हॉटेलात मोठमोठे मुखवटे घातलेली माणसं टेबलापाशी येतात, मुलांशी हात मिळवतात, आणि संघरत्नाला तिथेच जेवायचं आहे.

“म्हंजे बोहाडाच की,” गोजा म्हणाली. तिचं माहेर मुरबाडकडचं. तिकडच्या वाड्यांवर बोहाड्याची सोंगं नाचायची, ती तिने लहानपणी पाहिली होती. “आनि संघरत्ना कुठं बसंल?”

“टेबलापाशी. सगळे एकाच टेबलापाशी.”

“सगळी एकदम? मग वाढंल कोन?”

“तिथली माणसं वाढतात.”

ती सुपात बघत राहिली. एक खडा काढून अंगणात टाकला. मग म्हणाली, “लिवा मग. कवाचं पन लिवा. पन लिवा.”

मी पेन घेतलं. माझ्या नावापुढे चारही घरांत साडेबारा लिहिलं. तिच्या नावापाशी थांबलो.

“गोजा, तू जेवतेस कधी?”

“तुमचं झाल्यावर.”

“म्हणजे किती वाजता?”

“समदं झाल्यावर.” ती सूप घेऊन आत गेली.

आमचं लग्न बासष्ट सालचं. तेव्हा घरात आई, दोन भाऊ, त्यांची बायकामुलं. पुरुष आधी बसायचे, मग मुलं, मग बायका. आमचं घर छप्पन्नलाच बौद्ध झालं होतं. पुष्कळ काही सोडलं, पण पंगतींचा हा क्रम कोणाच्या लक्षात आला नाही. पुढे भाऊ वेगळे झाले, आई गेली, इंद्रजीत शिकायला गेला. घरात दोघंच उरलो, तरी गोजा माझ्यानंतरच जेवायची. आणि मी ताटाशेजारी पुस्तक उघडं ठेवून जेवणारा माणूस. जेवलो की हात धुऊन तेच पुस्तक घेऊन ओटीवर आडवा व्हायचो. एक्केचाळीस वर्षांत तिच्या ताटात काय असतं ते मी पाहिलं नव्हतं. हे लिहिताना लाज वाटते. लाज वाटते असं लिहून काही सुटका होत नाही, हेही कळतं.

दुसरा कोणी असता तर त्याने ‘दीड’ लिहून पत्र टाकलं असतं. पण पुस्तक हातात घेऊन पाहिल्याशिवाय त्याची नोंद करायची नाही, ही माझी सवय. मी ठरवलं, बघायचं आणि मग लिहायचं.

पहिल्या दिवशी साडेबाराला जेवलो आणि पुस्तक घेऊन पडलो, पण झोपलो नाही. घड्याळ उशाशी ठेवलं. आतून भांड्यांचा आवाज, मग केरसुणीचा. दोनला माझा डोळा लागला. जागा झालो तेव्हा ती कपडे वाळत घालत होती.

“जेवलीस?”

“कवाच.”

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी मी उठून बसलो. पावणेतीन वाजले होते. आत सगळं शांत होतं. मी अनवाणी मधल्या दारापर्यंत गेलो.

ती मागच्या पडवीत, पाणी तापवायच्या चुलीपाशी, भिंतीकडे तोंड करून बसली होती. पुढे ताट नव्हतं. एका वाटीत चहा होता, आणि त्यात ती भाकरीचा नखाएवढा तुकडा भिजवत होती. तो तिने तोंडात टाकला. बराच वेळ चघळला. मग छातीवर मूठ दाबून उठली, भिंतीला धरून दोन-तीन येरझाऱ्या घातल्या, मान वर केली, खाली केली. तो तुकडा खाली गेला नाही. तिने वाकून चुलीतल्या राखेत तो टाकला आणि काटकीने वर राख ओढली. तोंड पुसलं. परत बसली आणि दुसरा तुकडा मोडला.

मी दारातून मागे फिरलो. ओटीवर येऊन पडलो आणि पुस्तकाचं पान उलटलं. आवाज व्हावा म्हणून उलटलं असेल, म्हणजे तिला वाटावं की मी इथेच होतो.

त्या वेळी आत गेलो असतो तर काय झालं असतं? याचं उत्तर मी नंतर डॉक्टरांनाही विचारलं नाही. तेव्हा वाटलं, आपण चुकून काहीतरी पाहिलं. उद्या नीट पाहू. दुसऱ्या दिवशी मी सापगावहून चालत शहापूरला, माझ्या जुन्या ग्रंथालयात गेलो. आरोग्याचं जाडं पुस्तक कुठल्या कपाटात, कुठल्या फळीवर ते मला अंधारातही सापडलं असतं. अन्ननलिकेचं प्रकरण उभ्याने वाचलं. घट्ट अन्न आधी अडतं, मग मऊ, मग पाणी. वाचून पुस्तक जागेवर ठेवलं. मला कळलं होतं. घरी येऊन साडेबाराला नव्हे, त्या दिवशी एकला जेवलो, एवढाच फरक.

गोजा रोज विचारायची, “लिवलं का?”

“लिहितो.”

“तारीख निगून जाईल, अवो. पोरगी सोंगं बघायची तशीच राहील.”

सतरा दिवस असे गेले. मी एकदा तोंड उघडलं होतं. म्हणालो, “गोजा, तुला बरं वाटतंय ना?” ती म्हणाली, “मला काय धाड भरलीया?” आणि मी पुस्तक उघडलं. माझं समाधान इतक्या स्वस्तात व्हायचं.

शेवटी बोलली ती जयरामची सून रंजिता. अंगणवाडीत कामाला होती, तोंडाने फटकळ. पाण्याची कळशी कमरेवर घेऊनच ओटीपाशी उभी राहिली.

“सर, काकींच्या बांगड्या कोपरापर्यंत चढतात. तुमी पुस्तकातनं डोकं वर काढून बघता का नाय कदी?”

गोजाने आतून हात पदराखाली घेतला. “तू जा गो. पानी सांडतंय तुजं.”

दुसऱ्या दिवशी आम्ही शहापूरच्या दवाखान्यात गेलो. तिथून ठाण्याला पाठवलं. ठाण्याच्या डॉक्टरांनी नळी घालून तपासलं आणि मला विचारलं, “घट्ट जेवण किती दिवसांपासून जात नाही?”

मी गोजाकडे पाहिलं. डॉक्टर माझ्याकडे पाहत होते.

“दिवाळीपास्नं,” गोजा म्हणाली. ऑगस्ट चालू होता.

बाहेर बाकावर बसलो. समोर कागद घेऊन माणसं इकडून तिकडे जात होती. मी विचारलं, “तुला कळत होतं?”

“कळंल नाय तर काय? गळा माजा हाय.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर जाऊ दिलं असतंत? पासपोट कपाटात पडून राहिला असता.” तिने पदराने तोंड पुसलं. “पोरगी पाच वरसाची झाली. मी तिला फोटूतच बघितली. एकदा तिच्याबरुबर बसून जेवायचं व्हतं. एका टेबलाला. तिथं पेज मिळत आसंल ना हो?”

“मिळत असेल.”

“मग झालं. पेजंवर भागवलं असतं मी.”

ती पुढे म्हणाली, “तुमी बघितलं व्हतं ना त्या दिवशी? दाराआड. मला चाहूल लागली तुमची.”

मी डॉक्टरांच्या चिठ्ठीची घडी घातली.

“मला वाटलं, हे पन गप बसलेत. मला जायला मिळावं म्हनून. तवा लय बरं वाटलं मला.” आणि तिने माझ्या हातावर हात ठेवला. बांगड्या खळ्ळकन खाली मनगटावर आल्या.

मी तिला सांगायला हवं होतं की तसं नव्हतं. मी तुझ्यासाठी गप्प बसलो नव्हतो, मी फक्त गप्प बसलो होतो. सांगितलं नाही. पुढे तीन महिने रुग्णालयाच्या फेऱ्या झाल्या, पोटात नळी बसवली, आणि त्या नळीतून मी तिला दिवसातून सहा वेळा पेज घालू लागलो. वेळा कागदावर लिहून भिंतीला चिकटवल्या होत्या. तेव्हाही सांगितलं नाही. नोव्हेंबरच्या चौदा तारखेला सकाळी ती गेली.

इंद्रजीत एकटाच आला. संघरत्नाला ताप होता. जलदानाचा विधी झाला, माणसं पांगली, आणि निघायच्या आदल्या दिवशी तो ओटीवर माझ्याजवळ बसला.

“बाबा, माझ्या पत्राचं उत्तर नाही आलं.”

“राहून गेलं.”

“मी सप्टेंबरच्या सुरुवातीलाच फोन लावला होता. आईची तपासणी चालू आहे, एवढंच जयरामकाकांनी सांगितलं होतं तेव्हा. वाटलं, डिसेंबरपर्यंत होईल बरी.” तो अंगणाकडे बघत होता. “उत्तर नव्हतं म्हणून तुमचीच वेळ धरली. साडेबारा. पाच जणांचं टेबल.”

मी “हो” म्हणालो.

“तिला कधीपासून गिळता येत नव्हतं, बाबा? तुम्हाला कधी कळलं?”

मी उठून आत पाणी प्यायला गेलो. परत आलो तेव्हा तो बॅग भरत होता. त्याने पुन्हा विचारलं नाही. माझाच मुलगा आहे.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. आता माझं मी करतो. रंजिता म्हणाली होती की आमच्याकडून डबा येईल, नको म्हणालो. सकाळी झाडतो, पाणी भरतो, तांदूळ निवडतो. मला खडे दिसत नाहीत, म्हणून फार वेळ लागतो. भात, आमटी. भांडी घासतो, चूल सारवतो, कपडे धुतो. भूक साडेबारालाच लागते, पण त्या वेळी कामं उरलेली असतात. सगळं आवरून ताट घेऊन बसतो, ते मागच्या पडवीत. ओटीवर आता ऊन येतं, आणि पडवीत चुलीपाशी भिंतीला टेकायला बरं पडतं. तिथून अंगणातलं काही दिसत नाही. कोणी आलं तरी त्याला आपण दिसत नाही.

परवा असाच बसलो होतो, आणि आत जाऊन घड्याळ पाहिलं. पावणेतीन.

मग ते पत्र शोधलं. त्या जूनमध्ये वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून घातलेलं होतं. पुस्तक पुढे वाचलंच नव्हतं. चौकटीत चार वेळा साडेबारा, माझ्या अक्षरात. त्याच्या खालची ओळ कोरी.

काल सकाळी लिहायला बसलो. चार कागद फाडले. पहिल्यात माझं स्वतःबद्दलच फार होतं. शेवटी जे राहिलं ते थोडकं आहे. ‘प्रिय इंद्रजीत, तुझ्या पत्राचं उत्तर द्यायला उशीर झाला. आई दुपारी पावणेतीनला जेवायची. मागच्या पडवीत, एकटी. ती जेवताना तुला आठवत नाही यात तुझा दोष नाही; तिथे कोणीच जात नसे. मी एकदाच गेलो, ३ जुलैला. तिला गिळता येत नाही हे मी त्या दिवशी पाहिलं आणि सतरा दिवस कोणाला बोललो नाही. मी तिच्यासाठी गप्प बसलो असं तिला वाटलं होतं. तसं नव्हतं. हे तिला सांगायचं राहिलं, म्हणून तुला सांगतो. संघरत्नाला आजीबद्दल सांगशील तेव्हा हेही सांग की आजीला तिच्या टेबलावर बसून जेवायचं होतं.’

चौकटीच्या कागदावर, तिच्या नावापुढे, चारही घरांत वेळ भरली. तो कागद सोबत घातला.

आज शहापूरच्या पोस्टात गेलो. खिडकीतल्या बाईंनी पाकीट तोललं, तिकिटं दिली. मी ती ओल्या स्पंजावरून फिरवून एकेक लावली, कडा दाबल्या. बाहेर तांबड्या पेटीपाशी जयराम भेटला. वाणसामान घेऊन निघाला होता.

“काय सर, जेवलात काय?”

“नाही अजून.”

“एक वाजला की! मग चला घरी. रंजितानं वालाचं बिरडं केलंय.”

“माझी वेळ नाही झाली,” मी म्हणालो, आणि पाकीट पेटीत सोडलं.