लुटीचा एक दाखला

शब्दकोशाच्या कचेरीत आता मी एकटाच उरलोय. बाकीचे निवृत्त झाले, एकदोघे थेट वरच गेले. त्यांच्या खुर्च्यांवरची धूळ मीच झटकतो. आम्ही 'ल'पर्यंत आलो होतो. 'आम्ही' म्हणायची खोड काही जात नाही.

शब्द होता 'लूट'. मूळ संस्कृत धातू लुण्ट्, म्हणजे लुबाडणे. इंग्रजांच्या फौजा माल घेऊन गेल्या, त्याबरोबर शब्दही गेला. आज तो त्यांच्या कोशात ऐटीत बसलाय. व्युत्पत्ती झाली, पण आमचा नियम खाष्ट: प्रत्येक अर्थाला जिवंत माणसाच्या तोंडचं एक वाक्य हवंच. गावावर आलेलं युद्ध कळत्या वयात पाहिलेलं माझ्या ओळखीचं एकच माणूस, माझी ताई. आईमागे तिनेच मला वाढवलं. रविवारी तिच्याकडे जेवतो, आणि आठवडाभरात माझ्याशी कुणी चार शब्द बोलतं ते तेवढंच. तिच्याशी बिनसलं तर आपलं कुणी उरणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी खिशात पेन्सिल घालून गेलोच. कोशाचं खूळ, दुसरं काय!

"ताई, लूट म्हणजे काय गं?"

"शत्रूच्या शिपायांनी नेलं ते." ती भाजी वाढत होती.

"आणि आपलं शिलाई मशीन? युद्धात शेजारी पळाल्यावर बाबांनी त्यांच्या घरातून आणलं ते?"

तिचा हात थांबला.

"ते आणलेलं," ती म्हणाली. मग हळूच खाली बसली. "शेजारीण परत आली होती रे. दार वाजवत होती. मी आत तुझाच सदरा शिवत होते. पाय थांबवला नाही मी. स्वतःच्या मशीनचा आवाज बाईला कळत नाही होय? थोडा वेळ उभी राहिली आणि गेली."

मी पेन्सिल काढली. "ताई, हेच 'लूट' शब्द घालून एका वाक्यात सांग ना. तुझ्याच तोंडचं हवं."

तिने भाजीचं भांडं बाजूला सरकवलं.

"इतकी वर्षं वाटायचं, तू कधीतरी विचारशील. आणि विचारलंस ते कोशासाठी."

ती उठून आतल्या खोलीत गेली. कडी लागली. मी दार वाजवलं, हाका मारल्या, चुकलो म्हणालो. आत ती रडत होती, मला स्पष्ट ऐकू येत होतं. तिने दार उघडलं नाही.