धुण्यातलं इंजिन

कोपरा… कापडाचा एक कोपरा उकळत्या पाण्यावर तरंगत होता आणि त्यावर दोन बारीक अक्षरं होती. एफी मॉरिसनच्या नावाची. माझीच की ही — असं ती पुटपुटली आणि हातातली काठी थांबली.

कारखान्यातून इंजिनांचे नकाशे उतरवण्याचं कापड घरी न्यायची रीत जुनीच. पेन्सिलीचा नकाशा खाली, वर हे मेणचट कापड, आणि दिवसभर शाईनं रेघेवर रेघ. डाग पडला, रेघ चुकली की ते कापड नकाशे उतरवणाऱ्या बायकांचं. उकळून खळ काढली की आत असं मऊसूत निघायचं की किल्मार्नॉक गावातली निम्मी बाळं रँकिन कारखान्याच्या इंजिनांच्या झबल्यांत वाढली. पण चुकलेल्या कापडावर कुणी नाव घालत नाही. नाव शेवटी. नकाशाखोलीच्या कथबर्टसनसाहेबांनी सगळं तपासून मान हलवली की मगच.

म्हणजे हे चुकलेलं नव्हतं.

तिनं काठीनं कापड उचललं. एका बाजूला अजून दिसत होतं — चार चाकं, बुटका बॉयलर, पाठीवर खोगिरासारखी पाण्याची टाकी. खाणीनं मागवलेलं नवं इंजिन, असं साहेबच म्हणाले होते ना… गेल्याच आठवड्यात, चष्मा पुसत, तिच्या टेबलाशी वाकून. "एफी, तुझ्या भावाला सांग, कॅनडाबिनडा काही नको. आपल्याकडे दोन वर्षांचं काम आहे." आणि काल जाताना त्याच हातानं हे गाठोडं दिलं — "उशांचे अभ्रे कर." इंजिन बांधायचं असेल तर असलं कापड कुणी देतं? जिवंत माणसाचे कपडे वाटून टाकतात का कधी!

लोहाराच्या पडवीत दोघा रँकिन भावांनी पहिलं इंजिन ठोकलं तेव्हा एफीचे आजोबा भाता ओढत होते. मोठ्या गाड्या ओढण्याचा तोरा या कारखान्यानं कधी मिरवला नाही. खाणी, साखरेचे मळे, गोदीतले वाकडेतिकडे रूळ — जिथं मोठी इंजिनं मावत नाहीत तिथं आपली. आता सगळ्यांना वाफेऐवजी डिझेल हवं. हे एफीला कळत नव्हतं थोडंच? पण साहेब म्हणाले होते. वीस वर्षं ज्यांच्या मान हलवण्यावर ती आपलं नाव घालत आली, ते म्हणाले होते. मेल्याला तोंड नव्हतं बोलायला? की हीच त्याची बोलायची तऱ्हा — गाठोडं द्यायचं आणि समजून घे म्हणायचं… आणि मी काय केलं, तर उघडून न पाहता उकळत्या पाण्यात टाकलं. माझ्याच हातांनी.

"झालं का गं बाई?" सामाईक धुणीघराच्या दारात शेजारच्या मिसेस टेनंट टोपली घेऊन उभ्या. "शनिवारी तुझी पाळी दुपारपर्यंतच हो. की राणीसाहेबांच्या चादरी धुतेयस?"

"पिळते आणि निघते, मावशी."

परसात दोरीवर कापड टाकतानाच आर्चीची शीळ ऐकू आली. आई गेल्यावर तिनंच वाढवलेला भाऊ. कॅनडात नोकरी देऊ करणाऱ्या माणसाला आज उत्तर द्यायचं होतं. एफीला वाटलं, अजून गेलाच नसेल. देवा, गेलेला नसू दे.

"सांगून आलो एकदाचं," तो लांबूनच ओरडला. "तू सांगितलंस तसं नाही म्हणालो. लगेच माझ्यासमोर दुसऱ्या कुणाला ती जागा देऊन टाकली बघ. तुझा साहेब खोटं बोलेल, पण तू बोलायची नाहीस. आणि हे काय, नवे अभ्रे?"

त्यानं ओलं कापड उन्हाकडे धरलं. चाकं नव्हती, बॉयलर नव्हता, कोपऱ्यातली अक्षरंसुद्धा गेली होती… पांढरंशुभ्र. आर्चीला आता काही कळणार नव्हतं, आणि तिला केवढं तरी हायसं वाटलं. आणि आपल्याला हायसं वाटलं हे लक्षात येताच कथबर्टसनसाहेबांचा तो चष्मा पुसणारा हात तिला आठवला, इतका जवळून, की तिनं आपले ओले हात एप्रनला पुसायला घेतले आणि ती ते पुसतच राहिली.