पिवळ्या पेटीतली अख्खी तिकिटं

मी तिकिटांची पेटी बोलतेय. बसा जरा. माझं सांगणं लांबलचक नाही, पण मला घाईनं सांगता येत नाही. फणसाचं लाकूड, जडच असतं ते.

मळवलीच्या दत्तोबा सुतारानं मला घडवलं. वरच्या फळीला बोटभर फट, मागं कडी. चाँदभाई लोणावळ्याचा. उन्हाळा आला की मावळातल्या गावांत तंबू ठोकून सिनेमा दाखवायचा. त्याच्यासाठीच मला केली. त्याची बायको उम्मेहानी निळ्या पुठ्ठ्याची तिकिटं कापायची. तंबूच्या दारात चाँदभाई तिकीट फाडायचा. अर्धं माणसाच्या हातात राही, अर्धं माणूस आपल्या हातानं माझ्या पोटात टाकी.

खेळ सुरू झाला की चाँदभाई मला कानाशी धरून हलवायचा आणि म्हणायचा, "चाळीस-पंचेचाळीस असतील." मोजल्यावर एखाददुसऱ्याचाच फरक निघे. "माझी पेटी खोटं बोलत नाही," असं तो चारचौघांत सांगायचा. तेव्हा मला फार बरं वाटे. आता ते आठवू नये असं वाटतं.

देवादिकांच्या खेळाला पन्नास माणसं आली तरी पुष्कळ. पण एका वर्षी चाँदभाईनं मुंबईहून एक लहानसं रीळ आणलं. त्यात माणूसच नव्हता. नुसता रेघांनी काढलेला बोकड. तो पळायचा, स्वतःचीच दाढी खायचा, आणि संपली की खडूनं नवी काढून घ्यायचा. चित्र चालतंय म्हटल्यावर कार्ला, भाजे या गावांतली माणसंही पायी आली. आठवडाभर माझं झाकण धड लागलं नाही. एवढी कमाई चाँदभाईनं जन्मात पाहिली नव्हती.

त्याच उन्हाळ्यात नदीकाठच्या गावांत पटकी आली. सकाळी उलटी-जुलाब सुरू झालेला माणूस दिवस मावळायच्या आत जायचा. सरकारी डॉक्टर टोचायचं औषध घेऊन मळवलीत उतरले, पण दंड कोण उघडा करतो? सुईनंच रोग होतो, असं लोक म्हणत.

तेव्हा चाँदभाई डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, सुई घेईल त्याला बोकड फुकट दाखवू. एक सुई, एक तिकीट. पेटी उघडली की किती जणांना टोचलं ते कळेल." टोचणारे दोघेच होते, त्यांना लिहीत बसायला सवड नव्हती. डॉक्टरांनी मान हलवली. म्हणजे गावाची हजेरी माझ्या पोटात जमायची. मला केवढा मान वाटला म्हणून सांगू.

पण पुढच्या महिन्यात लोकल बोर्डाची निवडणूक होती. अडाण्यांना कळावं म्हणून दोन पक्षांच्या मतपेट्यांना दोन रंग दिले होते. मळवलीची वरची आळी पिवळ्या पेटीची, तिचा पुढारी महिपती. खालची आळी तांबड्या पेटीची, तिचा भिमाजी. तंबू उभा होता महिपतीच्या खळ्यावर. आपल्या खळ्यावर सुई टोचली जातेय, तर ते पुण्य आपल्या पक्षाच्या नावावर पडावं, असं महिपतीला वाटलं. त्यानं डबाभर रंग पाठवला आणि मला पिवळी करून घेतलं. चाँदभाईनं मला उन्हात वाळत ठेवलं. खळं त्याचं नव्हतं.

झालं. भिमाजीनं खालच्या आळीत सांगितलं, "त्या पेटीत आपल्या हातानं कागुद टाकला की पिवळ्याला मत दिलं समजा."

खालच्या आळीत मुक्ताबाई राहायची. नवरा गेणू, भिमाजीचा उजवा हात. पोरबाळ नव्हतं, दोघंच एकमेकांना. बाई डोक्यावर हंडा घेऊन तंबूसमोरून जायची, तेव्हा माझ्याकडं टक लावून बघायची. एकदा दोघांचं बोलणं माझ्या समोरच झालं.

"आवं, मत पुढल्या महिन्यात हाय. पटकी काल शेजारच्या शालूबाईच्या घरात शिरली," ती म्हणाली.

"मंग तू जा. बोकडच बघायचा तर घरचं शेरडू काय वाईट हाय?"

"एकली न्हाई जायची मी. टोचायचं तर दोगांनी."

"पिवळ्या पेटीत माझा हात जायाचा न्हाई, मुक्ते. लय बोलू नगं."

ती हंडा सावरत निघून गेली. मी तिथंच. मला ना पाय, ना तोंड. फट आहे, पण ती आत घ्यायची. बाहेर शब्द निघायचा नाही.

दोन दिवस टोचणी चालली. वरची आळी आली, खालच्या आळीतलं चिटपाखरू आलं नाही. माझ्यात दीडशेही तिकिटं नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर मोजायला यायचे होते. त्याआधी महिपतीचे दोघं आले. त्यांनी माझी कडी काढली, उम्मेहानीच्या गठ्ठ्यातली कोरी तिकिटं मुठी भरभरून माझ्यात कोंबली आणि कडी लावली. आपल्या खळ्यावर अख्खं गाव टोचून घेतलं, असं महिपतीला सभेत सांगायचं होतं. माणसं मारायची त्याच्या मनात नव्हती. तेवढा लांबचा विचारच त्यानं केला नव्हता.

चाँदभाईनं मला उचललं आणि सवयीनं कानाशी धरून हलवलं. त्याचा चेहरा बदलला. घोंगडीवर मला पालथी केली, तर अर्ध्या तिकिटांत अख्खी तिकिटं. न फाडलेली. एक त्यानं चिमटीत धरलं आणि दारात येऊन उभ्या राहिलेल्या महिपतीकडं बघितलं.

महिपती पान चघळत म्हणाला, "मोज की, चाँदभाई. हात का थांबला? तंबू हलवायचाय व्हय?"

चाँदभाईनं मोजली. चारशे नऊ. गावची वस्ती सव्वाचारशे.

तेवढ्यात डॉक्टर आले, आकडा कागदावर घेतला आणि औषधाच्या इतक्या बाटल्या कशा उरल्या म्हणून क्षणभर थांबले. पण पुढच्या गावचा माणूस बैलगाडी घेऊन दारात रडत उभा होता. "हे गाव झालं," डॉक्टर म्हणाले, आणि पेटारा गाडीत चढला.

गाडीची धूळ खाली बसली नव्हती तोच मुक्ताबाई आली. तिच्यामागं गेणू. पहाटे शालूबाई गेली होती, तिच्या तिरडीला खांदा देऊन तो तसाच आला होता. सदऱ्याची बाही त्यानं घरापासूनच खांद्यापर्यंत गुंडाळली होती.

माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "ह्यातच टाकायचं न्हवं तिकीट? आना. टाकतो."

"डॉक्टर गेले, गेणूभाऊ," चाँदभाई म्हणाला.

"आनि आमची सुई?"

चाँदभाईनं घोंगडीवरचं एक अख्खं तिकीट उचलून त्याला दाखवलं. मग हळूच म्हणाला, "तुमची झाली. कागदावर सगळ्या गावाची झाली."

गेणूला ते कळलंच नाही. मुक्ताबाईला कळलं. ती माझ्याजवळ बसली आणि फटीत बोटं घालून चाचपडत राहिली, जणू आत त्याच्या वाटणीचं काही उरलं असेल.

चाँदभाई त्या गाडीमागं धावला. परत आणलं त्यानं डॉक्टरांना, पण त्यानंतर चौथ्या दिवशी. गेणू आदल्या दिवशीच गेला. मुक्ताबाई सांगते, त्याची बाही तेव्हाही गुंडाळलेलीच होती. त्यानं ती खाली करूच दिली नाही. "डाक्टर आला तर येळ नगं जायला," म्हणायचा.

खालच्या आळीतली अकरा माणसं गेली. महिपती निवडून आला. मिरवणूक खालच्या आळीतून न्यायची नाही, एवढं मात्र त्याला कळलं.

चाँदभाईनं तंबू गुंडाळला तो कायमचा. जाताना मला मुक्ताबाईच्या ओट्यावर ठेवलं. "फोडा हिला, चुलीत घाला," म्हणाला.

तिनं फोडलं नाही. पटकी होऊ नये म्हणून विहिरीत टाकायची जांभळी पूड सरकारातून येते, ती माझ्यात ठेवते. दर आठवड्याला मला कडेवर घेऊन दोन्ही आळ्यांच्या विहिरींवर जाते. आता तिची कंबर वाकलीय. बाहेरून मी अजून पिवळी, पण आतून जांभळी पडलेय, तळाची फळी कुजलीय. यंदाचा पाऊस काही मी काढत नाही.

म्हणून एवढंच मागते. कुणी तुमच्यापुढं भरलेली पेटी पालथी करून सांगितलं, की हे बघा, सगळं गाव आलं, तर त्या ढिगाकडं बघू नका. उठा, खालच्या आळीत जा, एकेका घराची कडी वाजवा, आणि आतून कोण ओ देतंय ते ऐका.