मासा माझा, घरटं तिचं

हेल्गीच्या पाइनवर एक पक्षी काय बसला, माझा शनिवार उठला.

आमच्या गावाच्या या टोकाला शनिवारी एकच सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, तापतो, आणि तो माझा. सासूच्या सासूपासून. सकाळी आल्डरची लाकडं पेटवायची, दिवसभर दगड तापू द्यायचे. धुराड्याची भानगड नाही. दारातून धूर निघाला की सगळ्या घरांना कळतं, आज लाइनेकडे जायचं. संध्याकाळी लोक बर्चच्या डहाळ्या काखेत मारून येतात, घाम गाळतात, गार पाणी ओतून घेतात, आणि निघताना तापवणारीचे आभार मानतात. ते ऐकायला मी आठवडाभर राबते. खोटं कशाला सांगू?

आणि यंदा जूनच्या पहिल्याच शनिवारी धूर निघाला, दगड तापले, आणि कुत्रंसुद्धा आलं नाही.

"सगळे हेल्गीआजीकडे गेलेत," सून म्हणाली. तूली तिचं नाव. "पिल्लं बाहेर आली ना, आई. कॅमेऱ्यावर दिसतात."

हेल्गी माझी शेजारीण. तिच्या रानात, दलदलीच्या कडेला, शेंडा मोडलेला एक पाइन आहे. तिच्या सासऱ्यानं आळसापायी तोडला नाही म्हणून उभा राहिलेला. त्यावर मोरघारीचं घरटं. मासे धरून खाणारा पक्षी तो, पोट पांढरं, डोळ्यांवरून काळा पट्टा, दरोडेखोरासारखा. पक्ष्यांची माणसं आली, वर कॅमेरा बांधून गेली, आणि तेव्हापासून हेल्गीनं सौनाच्या पुढच्या खोलीत भिंतीएवढा टीव्ही लावलाय. सौना तरी कसला, विजेच्या शेगडीचा! बटण दाबलं की तापतो. त्यात घाम येतो तो लाजेचा यावा. पण आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तशी ती बसली, आणि सगळं टोक तिच्या बाकावर.

पुढच्या शनिवारी मी सौना तापवलाच नाही. धुरात मुरवलेल्या हॅमचा तुकडा फडक्यात गुंडाळला आणि गेले. बघू तरी, म्हटलं, काय एवढं सोनं लागलंय.

"ये ये, लाइने!" हेल्गीनं मला टीव्हीपासून सगळ्यात लांबची जागा दिली. "तुला वेळ मिळाला म्हणायचा."

"तुझी शेगडी बिघडली असेल, लोक गारठले असतील, म्हणून आले," मी म्हटलं.

टीव्हीवर तीन पिल्लं माना ताणून बसलेली. आई त्यांच्यावर पंख धरून. सगळे गप्प, चर्चमध्येही इतके गप्प नसतात. इतक्यात बाप आला. पायात मासा. पिवळाधमक, उन्हात नाण्यासारखा चमकणारा.

मी उभीच राहिले. "अरे, हा माझा मासा!"

आख्खी खोली हसली.

"लाइने, त्याच्यावर नाव लिहिलंय का?" हेल्गी म्हणाली.

"नाव कशाला लिहायला हवं? सोनेरी ट्राउट या भागात माझ्या तळ्याशिवाय पाळलेत कुणी? तुझ्या डबक्यात बेडूक तरी आहेत का?"

"बाई गं, एका माशावरून एवढं! पाखरू भुकेलं होतं, मिळेल तिथून आणलं. पुण्य लागेल तुला."

पुण्य मला, आणि पाहुणे तिला! लोक तिचा हात हातात घेऊन म्हणत होते, हेल्गी, तुझी पिल्लं किती गोड. तिची! अंडं तिनं घातलं नाही, मासा तिनं पाळला नाही. मी हॅम परत फडक्यात गुंडाळला आणि घरी आले.

सकाळी मुलाला उठवलं. "उर्मास, तळ्यावर जाळी ताण."

"आई, आठवड्याला चार मासे जातात. त्यानं आपण भिकेला लागत नाही."

"मी भिकेचं बोलले का? जाळी ताण म्हटलं."

त्यानं ताणली. पोरगा गुणी आहे, फक्त दार जरा जोरात आपटतो.

मला वाटलं होतं, बाप मोठ्या सरोवरावर जाईल, आणि हेल्गीच्या टीव्हीवर साधे करडे मासे दिसतील. माझं सोनं तिच्या घरी मिरवणार नाही, एवढंच हवं होतं मला. पण वारा सुटला. असा सुटला की सरोवराचं पाणी ढवळून चिखल झालं, आणि त्या पाण्यात पक्ष्याला मासा काय दिसणार? तूली फोनवर घरटं लावून, तो टेबलावर उभा करून बटाटे सोलायची, आणि मी चुलीकडे तोंड करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची. बाप रिकाम्या पायांनी यायचा. आई ओरडायची. कधी बोटभर मासा आलाच तर मोठी दोघं खायची, आणि धाकट्यानं मान पुढे केली की त्याच्या डोक्यात चोच.

"आई, धाकटं आता मानही उचलत नाही," तूली म्हणाली.

"बटाटा जाड सोलतेयस."

आणि हेल्गीकडे काय झालं? गर्दी वाढली! शेजारच्या गावातून बायका केक घेऊन यायला लागल्या. आता लोक रोज जायचे, शनिवारची वाटही बघायचे नाहीत. पिल्लं उपाशी माझ्यामुळे, आणि कौतुकाची ऊब तिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शनिवारी मी पुन्हा सौना तापवला. कुणी येवो न येवो, माझे दगड गार पडल्याचं मी कुणाला दिसू देणार नव्हते. दुपार कलली तशी फाटकाशी हेल्गी. एकटी. डोळे सुजलेले.

"लाइने, जाळी काढ."

"आधी आत ये."

"मी अंघोळीला नाही आले गं, ते पिल्लू..."

"शनिवार आहे. माझ्या दारात धूर आहे. फाटकातून मागायला मी काही दुकान उघडलेलं नाही."

ती आली. आम्ही दोघी वरच्या फळीवर बसलो. मी दगडांवर पाणी ओतलं, वाफ कानांना चावली. रीतीप्रमाणे तिच्या पाठीवर बर्चची डहाळी मारली मी, जरा जोरातच. तिनं पाठ आणखी पुढे केली. नंतर अस्पष्ट म्हणाली, "असली वाफ माझ्याकडे होत नाही."

"माहितेय मला."

बाहेर आलो, पंचे गुंडाळले, आणि तशाच अनवाणी तळ्यावर गेलो. उर्मासनं गाठी अशा मारल्या होत्या की जणू हत्ती बांधायचा आहे. ती एका टोकाला, मी दुसऱ्या. दोन म्हाताऱ्या, पंचे सावरत, एकमेकींना शिव्या घालत. "तिकडून ओढ!" "तूच ओढ, तुझी जाळी!" शेवटी जाळी काठावर आली आणि आम्ही तळ्याकाठच्या बाकावर धपकन बसलो.

वारा पडला होता. तो आला तेव्हा आधी सावली दिसली. तळ्यावर एका जागी पंख फडफडवत थांबला, मग पाय पुढे ताणून दगडासारखा पडला. पाणी आमच्या गुडघ्यांपर्यंत उडालं. क्षणभर तो पाण्यातच, नुसते पंख वर. मग जोर केला, उठला, अंग झटकलं, आणि पायात पिवळा मासा, तोंड पुढे करून धरलेला.

हेल्गीनं माझं मनगट आवळलं. बराच वेळ सोडलं नाही.

"मी तर फक्त मासा आलेला बघते," ती म्हणाली. "हे मी कधी... तू हे रोज बघतेस?"

"रोज," मी म्हटलं. आजवर तो दिसला की मी बादली वाजवून हाकलायची, पण ते तिला कशाला सांगायचं?

तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी चांगलं ओळखते. गेले दोन-तीन आठवडे माझ्या आरशात तेच होतं. मला इतकं बरं वाटलं की मी घरातून हॅम आणला आणि तिला जाड काप दिला.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून तूली ओरडली, "आई! धाकट्याला मिळालं! शेपटाकडचा तुकडा, पण खातंय!"

हेल्गी उठून घराकडे पळणार होती, टीव्ही बघायला. अर्धी उठली, तळ्याकडे बघितलं, पुन्हा बसली.

"तो परत येईल का?"

"अंधार पडायला वेळ आहे अजून."

"पुढच्या शनिवारी येते मी," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "इतरांना सांगू नकोस हं, लाइने. उगाच गर्दी होईल, तो बुजेल."

तिच्या घरी आता टीव्हीपुढे माणसं मावत नाहीत, आणि घरची बाई माझ्या बाकावर असते. कुठं जाते हे कुणाला सांगत नाही. मीही सांगत नाही. सांगितलं असतं तर सगळं टोक माझ्या दारात परत आलं असतं, रांग लागली असती. पण बाक लहान आहे. दोघींपुरताच. तिसऱ्याला तिथं बसलेलं मला खपणार नाही.